स्पिनला घरघर आणि खाली पाणी: मशीन दुरुस्त करावं की बदलावं?

प्रश्न असा आहे: "आमचं ७ किलोचं फ्रंट लोड मशीन ८ वर्षांचं झालं. गेले दोन महिने स्पिनच्या वेळी विमान उडाल्यासारखा आवाज येतो आणि मागच्या बाजूला फरशीवर थोडं पाणी दिसतं. अधूनमधून मशीन मध्येच थांबून एरर दाखवतं. बघायला आलेल्या मेकॅनिकने मशीन न उघडताच सांगितलं, बोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका, नवं घ्या. खरंच नवं घ्यावं का? आणि घेतलंच तर ते जास्त टिकावं म्हणून काय करावं?"

आधी एक सांगतो, घाई करू नका. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी आवाज आणि पाणी या दोघांचा बोर्डाशी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटशी, काहीही संबंध नाही. बोर्ड बिघडला तर मशीन सुरूच होत नाही, पाणी घेत नाही, मध्येच बंद पडतं किंवा भलत्याच ठिकाणी अडकून राहतं. पण बोर्ड गेल्यामुळे ड्रम घरघरत नाही आणि मागून पाणी ठिबकत नाही. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की माझा हात पहिल्यांदा बेअरिंगकडे जातो. वीसहून जास्त वर्षं मशिनं उघडतोय, त्यावरून सांगतो की मशीनचं वय किती हा प्रश्न दुय्यम आहे. नेमका कोणता पार्ट गेला आणि तो सुटा मिळतो का, यावर सगळं ठरतं. १२ वर्षांचं मशीन एका पंपासाठी टाकून दिलेलं मी पाहिलंय आणि ४ वर्षांचं मशीन स्पायडर, म्हणजे ड्रमला मागून धरणारा भाग, झिजून गेल्यामुळे खरोखरच निकामी झालेलंही पाहिलंय.

बेअरिंग कसं जातं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फ्रंट लोडमध्ये कपड्यांचा स्टीलचा ड्रम पाण्याच्या टबाच्या आत फिरतो आणि त्याला फक्त मागून आधार असतो. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो, त्याच्या मधोमध शाफ्ट, म्हणजे दांडा. हा शाफ्ट टबाच्या मागच्या भिंतीतून दोन बेअरिंगांवर बाहेर येतो. पाणी आणि ती बेअरिंगं यांच्यामध्ये असतं एकच ऑइल सील. रबराची एक गोल चकती, तिची पातळ कड शाफ्टवरच्या बुशला, म्हणजे धातूच्या चकचकीत कड्याला, चिकटून असते. मशीनचं आयुष्य त्या पातळ कडेवर अवलंबून आहे. कड झिजली की साबणाचं पाणी थेंबाथेंबाने बेअरिंगमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन नेतं, आतल्या गोळ्यांवर गंज चढतो आणि मग आवाज सुरू होतो. म्हणजे आवाज आला तेव्हा सील जाऊन बहुधा काही महिने झालेले असतात.

त्यावर येणारा भार किती असतो याचा हिशेब बघा. १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेरे. ड्रमची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर धरली तर ड्रमच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट ओढ तयार होते. एका बाजूला फक्त २०० ग्रॅम जास्त कपडा साचला, तरी शाफ्टवर ७५ किलोहून अधिक वजनाइतका ताण येतो. हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ८०० वरून १२०० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण ताण सव्वादोनपट. म्हणूनच एकटी जीन्स, एकच जाड टॉवेल किंवा पाणी धरून ठेवणारी पायपुसणी एकटी टाकू नका असं मी प्रत्येक घरात सांगतो. कपडे जास्त भरल्याने मशीनचे हाल होतात हे सगळ्यांना माहीत असतं. एकटा जड कपडाही तितकाच वाईट, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता तुमचं मशीन तपासा. यासाठी कोणालाही बोलवायची गरज नाही. प्लग काढा, नळ बंद करा, दार उघडा. ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर उचलल्यासारखी हलवा. ड्रम आणि टब दोन्ही मिळून झोपाळ्यासारखे हलले तर काळजी नाही, सगळा संच स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. पण टब जागेवर राहून ड्रम एकटाच टक्-टक् करत हलला, तर बेअरिंगमध्ये खेळ आलाय. मग ड्रम हाताने जोरात फिरवा आणि कान मशीनच्या मागच्या बाजूला लावा. चांगलं बेअरिंग जवळजवळ निःशब्द फिरतं, फक्त बेल्टची हलकी सळसळ येते. गेलेलं बेअरिंग वाळूवरून चाक जावं तसं खरखरतं.

तिसरी तपासणी बहुतेक लोक करत नाहीत आणि निर्णय मात्र तिच्यावरच अवलंबून असतो. ड्रम सावकाश फिरवत त्याची पुढची कड आणि दाराचं रबर यांच्यातली फट बघत राहा. फट सगळीकडे सारखी राहिली तर स्पायडर शाबूत असण्याची शक्यता चांगली. प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी फट अरुंद आणि समोर रुंद होत असेल, म्हणजे ड्रम डुलत असेल, तर स्पायडरचा एखादा हात तडकला किंवा तुटला आहे. असं दिसलं तर ते मशीन त्या दिवसापासून स्पिनला लावू नका. हात पूर्ण तुटला तर ड्रम पूर्ण वेगात टब फोडू शकतो.

शेवटी मशीन पुढे ओढून मागचं झाकण काढा. चार-सहा स्क्रू असतात. मशीन ६०-७० किलोचं असतं, आत काँक्रीटची वजनं असतात, त्यामुळे एकट्याने आडवं करायला जाऊ नका. मोठ्या पुलीच्या मागे, मध्यावरून खाली तपकिरी-काळसर ओघळ दिसतो का बघा. तो ओघळ म्हणजे गंज आणि ग्रीस मिसळलेलं पाणी. तो दिसला तर सील गेलंय यात शंका उरत नाही, आणि तुमच्या फरशीवरचं पाणीही तिथूनच येतंय. एरर दाखवून थांबण्याचं कारणही बहुधा हेच निघेल. ड्रम घासत फिरला किंवा डुलला की मशीनला तोल सापडत नाही, ते दोन-तीनदा कपडे पसरवून बघतं आणि शेवटी हार मानून एरर दाखवतं.

इथे एरर कोडबद्दल थोडं बोलतो, कारण "बोर्ड गेला" हे निदान बहुतेक वेळा त्यातूनच जन्माला येतं. मशीनला कुठे अडलं एवढंच कोड सांगतो, कोणता पार्ट गेला ते सांगत नाही. "पाणी निघत नाही" असा कोड आला तर कारण फिल्टरमध्ये अडकलेलं नाणं असू शकतं, मुडपलेली नळी असू शकते, तुंबलेला पाइप, पंप, पाण्याची पातळी ओळखणारा प्रेशर स्विच, सुटलेली वायर आणि अगदी शेवटी बोर्ड. तपासणी याच क्रमाने व्हायला हवी. बोर्ड बदलून बघू या म्हणणारा माणूस सगळ्यात महाग पार्टपासून सुरुवात करतोय आणि त्याच्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरताय. बोर्ड जातात, नाही असं नाही. ओल, झुरळं, व्होल्टेजचा झटका यांनी जातात. पण तेव्हाही बऱ्याचदा जळलेला एखादा रिले, फुगलेला कॅपॅसिटर किंवा तडकलेला सोल्डर एवढंच निघतं आणि बोर्ड दुरुस्त करणारा माणूस ते बदलून देऊ शकतो.

मागे एका घरी असंच झालं होतं. मशीन पाणी घेतच राहायचं, थांबायचं नाही, आणि त्यांना नवीन बोर्ड बसवून झाला होता. तरी तेच. मी प्रेशर स्विचची बारीक नळी खालून काढली. टबाच्या बुडाशी एक छोटी कुपी असते, टबात पाणी चढलं की त्या कुपीतली हवा दाबली जाते आणि तो दाब नळीतून वर स्विचला पोचतो. पाणी किती भरलं हे मशीनला एवढ्यावरूनच कळतं. कुपीचं तोंड साबण आणि धाग्यांच्या राखाडी चिखलाने पूर्ण बुजलं होतं. बोटाने चिखल काढला, कुपी गरम पाण्याने धुतली, नळी फुंकून मोकळी केली, परत लावली. मशीन बरोबर पातळीला थांबलं. जुना बोर्ड त्यांनी फेकून दिला होता आणि तो चांगला असणार याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता मूळ कामाकडे, बेअरिंगकडे. समजा तपासणीत बेअरिंगच निघालं. मग मेकॅनिकला एकच प्रश्न विचारायचा: या मॉडेलचा टब नट-बोल्टचा आहे की वेल्ड केलेला? जुन्या पद्धतीचा टब दोन अर्ध्या भागांचा असतो. मध्ये रबराची दोरी आणि भोवती बोल्ट किंवा क्लिपा. तो उघडतो, ड्रम बाहेर येतो, बेअरिंग बदलता येतं. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हे दोन प्लॅस्टिकचे भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडतात. तिथे खराब होतो तो हाताच्या तळव्यात मावणारा पार्ट, पण कंपनी विकते ड्रमसकट सगळा टब. काम मोठं, पार्ट महाग, आणि म्हणून "नवं घ्या" हा सल्ला. या एका जोडणीमुळे जितकी चांगली मशिनं भंगारात जातात तितकी दुसऱ्या कशानेही जात नसावीत, असं माझं ठाम मत आहे.

युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून नियम लागू केला की घरगुती वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, आणि मागणी केल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोचले पाहिजेत. मोटर, मोटरचे कार्बन ब्रश, पंप, शॉक ॲब्सॉर्बर, बोर्ड, सगळं त्या यादीत आहे. दाराचं रबर, बिजागरी, लॉक आणि साबणाचा ट्रे हे तर सामान्य ग्राहकालाही मिळायला हवेत. नियम चांगला आहे. पण ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग यांच्यापुढे त्यातच लिहिलंय की हे भाग सुटे किंवा एकत्र, कसेही दिले तरी चालतील. वेल्ड केलेला टब त्या "किंवा एकत्र"मध्ये बसतो.

टब बोल्टचा असेल तर दुरुस्ती करा, बिनधास्त करा. फक्त काम करणारा नीट करतोय ना ते बघा. मी समोर बसून बघायला सांगतो, कारण हे काम अर्धवट झालं तर सहा महिन्यांत पुन्हा तोच आवाज येतो. जुन्या बेअरिंगवर ६२०५, ६२०६ असे आकडे कोरलेले असतात. हे आंतरराष्ट्रीय माप आहे. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. मशीन कोणत्याही कंपनीचं असो, त्या मापाचं नावाजलेल्या बनावटीचं बेअरिंग चालतं. त्यात फसवणूक बरीच होते, म्हणून पाकीट बंद असलेलं घ्या. दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदलायची. "एकच खराब आहे, दुसरं चांगलंय" हे ऐकून घेऊ नका. टब पुन्हा उघडण्याची मजुरी त्या दुसऱ्या बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त असते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शाफ्टवरची बुश. सील ज्या चकचकीत पट्ट्यावर घासतं तो पट्टा. तो स्वच्छ पुसायचा आणि त्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवायचं. नख सरकन गेलं तर ठीक. नख कुठेही अडकलं, खळगा किंवा खाच लागली, तर नवं सील त्या खाचेवर घासून काही महिन्यांत फाटेल. अशा वेळी स्पायडर बदलायचा, नाहीतर काम करूच नये. नवं बेअरिंग टबात बसवताना ठोका बाहेरच्या कड्यावरच बसला पाहिजे. आतल्या कड्यावर हातोडा मारला की गोळ्यांना खोबणीत डाग पडतात आणि बेअरिंग नवंकोरं असतानाच खराब होतं. सीलच्या कडेला पाण्याने न धुतलं जाणारं ग्रीस भरपूर लावायचं. जुना शाफ्ट बाहेर ठोकताना मधला बोल्ट दोन आटे धरून आत ठेवायचा, म्हणजे शाफ्टचं तोंड चेपत नाही. ही छोटी पथ्यं पाळणारा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

वेल्ड केलेला टब असेल तर दोन वाटा आहेत. पूर्ण टबाचा भाव विचारा. तो आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्याच्या आत बसत असेल आणि बाकी मशीन चांगलं असेल तर मी करतो. दुसरी वाट म्हणजे वेल्डच्या रेषेवरून टब करवतीने कापायचा, बेअरिंग बदलायचं, आणि सिलिकॉन भरून चहूबाजूंनी स्क्रूने आवळायचा. मी हे केलंय, त्यातली मशिनं वर्षानुवर्षं चाललीही आहेत. पण काप सरळ न गेल्यास किंवा सिलिकॉन पूर्ण वाळायच्या आत मशीन चालवल्यास गळती होते. हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच द्या आणि गळतीची हमी आधीच बोलून घ्या. स्पायडर झिजून गेला असेल आणि तो सुटा मिळत नसेल, तर मात्र नवं मशीन घ्या. तिथे मी कोणालाही पैसे घालू देत नाही.

आणि काहीही ठरवलंत तरी दोन महिने चालू असलेला आवाज आणखी दोन महिने चालवू नका. आज बेअरिंग बदलून भागेल. उद्या गंजलेलं बेअरिंग शाफ्टवर आवळून शाफ्टच कातरेल, मग स्पायडर, मग टब.

स्पायडर का झिजतो याकडे आता वळतो, कारण नवं मशीन टिकवण्याची किल्ली तिथेच आहे. मी बाहेर काढलेल्या ड्रमची पाठ तुम्ही एकदा बघायला हवी होती. पुढून ड्रम आरशासारखा, आणि मागे बोटभर जाडीचा राखाडी, बुळबुळीत थर: न विरघळलेली पावडर, सॉफ्टनरचा मेणचटपणा, कपड्यांचे धागे, त्वचेचा तेलकटपणा. तो थर खरवडला की खाली ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झालेलं, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत शिरावा इतकं. साबण अल्कलीयुक्त असतो आणि अल्कली ॲल्युमिनियम खाते. त्यात स्टीलचा ड्रम आणि ॲल्युमिनियमचा स्पायडर एकमेकांना चिकटून कायम ओलाव्यात, अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी झिजतं. क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर हे आणखी लवकर होतं. थर साचतो तो जास्त साबणामुळे आणि कायम थंड पाण्यात धुण्यामुळे.

म्हणून साबण कमी करा. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. फेस कपड्यांमध्ये उशीसारखा बसतो आणि त्यांची एकमेकांवरची घासणच कमी होते. हाताने धुण्याची पावडर ऑटोमॅटिकमध्ये घालू नका, तिच्यात फेस दाबणारा घटक पुरेसा नसतो. नेमकं प्रमाण पाण्याच्या जडपणावर आणि कपड्यांवर अवलंबून आहे, पण एक सोपी परीक्षा आहे. शेवटच्या खळबळण्याच्या वेळी दाराच्या काचेतून बघा. अजून फेस दिसतोय? पुढच्या वेळी साबण निम्मा करा. फेस दिसेनासा होईपर्यंत असंच कमी करत जा. महिन्यातून एकदा ६० अंशांवर किंवा त्याहून गरम पाण्यावर एक फेरी लावा, आणि तीही पावडर वापरून. बहुतेक लिक्विडमध्ये ब्लीच नसतं, चांगल्या पावडरमध्ये ऑक्सिजन देणारं ब्लीच असतं, त्याने वास आणि तो बुळबुळीत थर दोन्ही सुटतात. धुणं झाल्यावर दार आणि साबणाचा ट्रे उघडा ठेवा. दाराच्या रबराच्या खालच्या घडीत साचलेलं पाणी फडक्याने पुसा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण रबर काळं पडत नाही.

जड पाणी असेल तर हीटरवर क्षार चढतो. क्षाराचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हीटर आतल्या आत तापतो आणि एक दिवस त्याचं आवरण फुटतं. याची खूण लक्षात ठेवा: मशीन सुरू होतं, पाच-दहा मिनिटं चालतं आणि मग घरातला अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. तेच मशीन थंड पाण्याच्या प्रोग्रॅमवर पूर्ण चालत असेल तर दोष जवळजवळ नक्की हीटरचा. २३० व्होल्टच्या २००० वॅट हीटरचा रोध मीटरवर साधारण २६ ओहम दिसायला हवा. हीटर सुटा मिळतो, बदलायला सोपा असतो, त्यासाठी मशीन टाकायचं काही कारण नाही. क्षार काढायला मी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅमच्या आसपास सायट्रिक ॲसिड घालून ६० अंशांची फेरी लावतो, तीन-चार महिन्यांतून एकदा. व्हिनेगर वारंवार वापरायला सांगत नाही, रबरी भागांना ते मानवत नाही. आणि कोणतंही ॲसिड आणि क्लोरीन ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

ड्रेन फिल्टर दर महिन्याला उघडा. खाली पसरट ताट ठेवा, चकती एकदम न काढता अर्धा-अर्धा आटा फिरवा, पाणी हळूहळू येऊ द्या. आत केसांची पिन, बटण, नाणं, लहान मुलाचा मोजा, काहीही निघतं. फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारा आणि पंपाचं पातं बोटाने फिरवा. ते सलग न फिरता टप्प्याटप्प्याने, अडखळत फिरतं. आत चुंबक असतो, म्हणून तसंच फिरायला हवं. ते पाहून पंप जॅम झाला असं समजणारे खूप भेटलेत.

मशीन बसवताना दोन चुका आयुष्य कमी करतात. वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट न काढणं ही पहिली. १९३७ मध्ये आलेलं बेंडिक्सचं घरगुती ऑटोमॅटिक मशीन जमिनीला बोल्टने जखडावं लागे, कारण त्यात ड्रमला स्प्रिंगांचा आधार नव्हता. आज स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर आहेत, पण वाहतुकीचे बोल्ट राहिले तर तुम्ही तेच जुनं मशीन जमिनीला न बांधता चालवताय असं समजा. दुसरी चूक ड्रेनच्या नळीची. तिचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवं. ते जमिनीवर टाकलं तर पाणी भरता-भरताच आपोआप ओढलं जातं, मशीन घेतंय आणि सोडतंय, आणि लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात. चारही पाय जमिनीला टेकवून त्यांचे लॉकनट आवळा. वरून कोपरे तिरपे दाबले तरी मशीन डुलता कामा नये.

टॉप लोडबद्दल थोडक्यात. मोटर गुणगुणते पण फिरत नाही आणि हाताने पल्सेटरला, म्हणजे टबाच्या तळाच्या फिरत्या चकतीला, धक्का दिल्यावर निघते, असं झालं तर कॅपॅसिटर तपासा, तो सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. मात्र प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज राहू शकते, त्याला हात माहितगारानेच लावावा. स्पिनला टब आदळत असेल तर चारही सस्पेन्शन रॉड बदला. बेल्टवाल्या फ्रंट लोडमध्ये मोटर मध्येच थांबत असेल, जळका वास येत असेल तर कार्बन झिजले असतील. एक सेंटिमीटरच्या आसपास उरले की दोन्ही बदलायचे. ड्रायर असेल तर प्रत्येक वेळी धाग्यांची जाळी साफ करा. हवा अडली की थर्मल फ्यूज उडतो. तो फ्यूज नुसता बदलून किंवा वायर जोडून चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण, आधी हवेची वाट मोकळी करा.

नवं घ्यायची वेळ आलीच तर दुकानात विचारा: टब उघडतो का, बेअरिंग आणि स्पायडर सुटे मिळतात का? मोटरवरच्या १० वर्षांच्या वॉरंटीवर भाळू नका. ती मोटरपुरती असते, आणि डायरेक्ट ड्राइव्हची, म्हणजे बेल्टशिवाय थेट ड्रमला जोडलेली, मोटर क्वचितच जाते. जातं ते बेअरिंग, आणि ते त्या १० वर्षांत येत नाही. स्पिनचा वेग जास्त असलेलं मॉडेल घेतलंत तरी रोजच्या सुती कपड्यांना ८०० किंवा १००० पुरतो.

तुमच्या बाबतीत मात्र माझा अंदाज असा की ड्रम डुलत नसेल आणि टब बोल्टचा निघाला तर मशीन आणखी बरीच वर्षं चालेल. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी एक गोष्ट करा. मशीनखाली कोरडा कागद पसरा, आधी रिकामं आणि मग निम्म्या कपड्यांसह पूर्ण स्पिनपर्यंत चालवा. मागच्या झाकणाच्या खालचा कागद, पुलीच्या रेषेतला, पूर्ण कोरडा असला पाहिजे. एक थेंब जरी पडला असेल तर सील पुन्हा बघायला सांगा, त्याच दिवशी.